साडेपाच तासांचा फरक

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये मी द्राक्षांच्या क्वालिटीचं काम बघायला लागले, त्या पहिल्याच हंगामात माझ्या हातून घडलेली ही गोष्ट.

परदेशी जाणाऱ्या मालाच्या एखाद्या पेटीत लॉगर ठेवतात. काडेपेटीएवढं यंत्र, वाटेत थोड्याथोड्या वेळाने तापमान नोंदवत जातं. माल पोचला की तिकडचे लोक त्याचा रिपोर्ट काढून आपल्याला पाठवतात.

त्या वर्षी एका खेपेची तक्रार आली. मणी मऊ पडले होते, देठ तपकिरी. मी रिपोर्ट उघडला. शून्याच्या आसपास सरळ चाललेली रेघ एका दिवशी दहा वाजता वर चढली होती आणि बारापर्यंत वरच होती. त्या दिवशी सकाळी दहा ते बारा हा माल देवळ्याच्या शीतगृहातून आमच्याकडे येणाऱ्या गाडीत होता. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने कूलिंग बंद ठेवलं असणार, असं मॅनेजर म्हणाले. मलाही ते पटलं.

ड्रायव्हरला बोलावलं. सायखेड्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, मशीन चालूच होतं. मी बंद करत नाय कधी."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "काका, यात स्पष्ट दिसतंय."

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "यात दिसतंय, तर मग मी काय बोलू?" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. ट्रान्सपोर्टवाल्याने त्यांना कामावरून काढलं.

महिन्याभराने त्याच ग्राहकाकडून दुसरा रिपोर्ट आला. त्या खेपेचा लॉगर मी स्वतः सकाळी नऊला बटण दाबून सुरू केला होता. रिपोर्टात मात्र तो पहाटे साडेतीनला सुरू झालेला. मी दोनदा वाचलं. वेळ तिकडची होती, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

मी जुना रिपोर्ट पुन्हा काढला. दहा ते बारा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन ते साडेपाच. तेव्हा माल आमच्याच, गाडीत माल चढवायच्या उघड्या फलाटावर होता. कंटेनर येतोच आहे म्हणून पेट्या थंड खोलीतून बाहेर काढायला मीच सांगितलं होतं, आणि कंटेनर उशिरा आला होता.

मॅनेजर म्हणाले, "आता हंगाम संपला. कशाला उकरून काढता?"

मी ट्रान्सपोर्टवाल्याला चूक माझी होती असं लिहून कळवलं. त्याची एक प्रत घेऊन सायखेड्याला गेले. काका ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली.

ते म्हणाले, "कागद हाय का?"

मी पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. "हिला वाचून दाखवा. मी सांगितलं तेव्हा हिलाबी खरं वाटलं नव्हतं."

त्या माउलीने मान खाली घातली. मी वाचायला सुरुवात केली. माझं नाव आलं तिथे मी थांबले; ते म्हणाले, "वाचा, मॅडम. सगळं वाचा."

पुढच्या हंगामात ट्रान्सपोर्टवाल्याने त्यांना परत बोलावलं. ते गेले नाहीत.