नानांच्या पपईतलं गाजर गवत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नानांना ओळखत नाही. ओळखत असता तर त्यांचीच बाजू घेतली असती — सगळे घेतात.

नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. तापीकाठी आमची शेतं बांधाला बांध लागून आहेत, विहीर सामाईक, पाणी पाळीपाळीनं. ते पूर्ण वेळ शेती करतात. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी शेतात जातो.

आधी घोडीचं सांगायला हवं. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, एक घोडी लेकरासारखी वाढवली होती. ती सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला नेली. लांबून आलेला एक शौकीन रुमालाखाली बोटं धरून भावाची बोलणी संपवत आला होता. तेवढ्यात नाना तिथे आले आणि सहज बोलावं तसं बोलले, "भाऊ, घोडी लेऊ नको. डोयाखाले भोवरा शे, डाग दिसन दपाडेल शे." डोळ्याखाली केसांचा भोवरा म्हणजे अपशकुनी जनावर, आणि तो डाग देऊन लपवणारा मालक म्हणजे चोर. भोवरा नव्हता. डागही नव्हता, माशी चावून उठलेला लहानसा वण होता. पण नानांची स्वतःची घोडी शेजारीच विकायला उभी होती ना! अप्पा घोडी घेऊन परत आले, पुन्हा कधी यात्रेत गेले नाहीत. लोक त्यांना 'डागवाले' म्हणायला लागले, आणि ते नाव घेऊनच ते गेले. तिरडीला पुढून खांदा कुणी दिला? नानांनीच.

मी काय करू शकत होतो? भांडण मला जमत नाही. मला फक्त तण कळतं.

गाजर गवत आपलं नाही, बाहेरून आलेलं. तिकडे त्याला खाणारे किडे, रोग, सगळे वैरी मागे राहिले. इकडे गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणून ते माजतं. पण तेवढ्यावर भागत नाही. तणनाशक मारलं की बहुतेक झाडं मरतात, एखादं पिवळं पडून पुन्हा उभं राहतं. त्या एखाद्याचं बी पुढे चालतं. दरवर्षी मी हेच वर्गात शिकवतो.

रस्त्याच्या कडेला फवारणीतून वाचलेली झाडं मी शोधली. त्यांचं बी घरी आणलं, गच्चीवर फुटक्या बादल्यांत पेरलं, वर नाना वापरतात तेच औषध मारलं. वाचली त्यांचं बी घेतलं, पुन्हा पेरलं, पुन्हा मारलं. बायकोला सांगितलं, कॉलेजचा प्रयोग आहे. खोटं सांगताना मजा वाटत होती — हो, मजाच. मग एकदा आमची पाण्याची पाळी संपून नानांची सुरू व्हायच्या आधी ते बी मी चारीत सोडलं. पाण्यानं ते नानांच्या पपईत घरपोच नेलं. ज्या शेतात एक काडी तण दिसत नाही म्हणून लोक बघायला येत, त्या शेतात.

नानांनी फवारलं. मेलं नाही. पुन्हा फवारलं. शेवटी माझ्याकडे आले. "तू शिकेल शे, सांग. हाई गवत काबर मरत नही?" मी म्हटलं, नाना, तेच औषध जरा जास्त मारा. जे मरायचं ते आधीच मेलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, हाच गुन्हा. नाही हो. याची मला आजही लाज वाटत नाही.

अंगाला खाज सुटते म्हणून मजूर यायचे बंद झाले. मग सिंधूवहिनी, नानांची बायको, स्वतः उपटायला बसल्या. यात्रेहून परतल्यावर अप्पांनी जेवण सोडलं होतं, तेव्हा नवऱ्याला न जुमानता आमच्या ओट्यावर येऊन त्यांना घास भरवणारी हीच बाई. बांधावरून जाताना मला बघून त्यांनी तळवे वर केले, हसल्या. "उपटी उपटी हात हिरवा व्हई ग्यात, भाऊ."

माझ्या पिशवीत रबरी हातमोजे होते. असतातच. गाजर गवताला मी उघड्या हातानं कधी शिवत नाही, विद्यार्थ्यांनाही शिवू देत नाही. एकदा कातडीला ते बाधलं की जन्मभर पुरतं, हे मला पाठ आहे. काढून द्यायला कितीसा वेळ लागला असता? पण मोजे दिले असते तर त्यांनी भराभर उपटलं असतं, आणि नानांचं शेत साफ झालं असतं. मी म्हटलं, चालू द्या वहिनी.

आता त्या उन्हात येत नाहीत. मान, पापण्या, कोपरं — सगळी कातडी जाड झालीय, भेगाळलीय. पीठ मळताना रक्त येतं म्हणून भाकरी आता सून करते. दिवसा त्या मागच्या खोलीत दार लोटून बसतात. नाना मला औषधं विचारतात, आणि त्यांना बघून मला आधी ती घोडी आठवते, वहिनी नंतर. इतकं होऊनही क्रम बदललेला नाही.

परवा वहिनींना भेटून आलो. त्यांनी हात पदराखाली घेतले, अप्पांची आठवण काढली. घरी येऊन मी थेट गच्चीवर गेलो. बादल्यांतली झाडं फुलावर आली होती. सगळी उपटून जाळायची ठरवली, वाकलो, हात पुढे केला.

मग खाली जाऊन हातमोजे घेऊन आलो.