घटपर्णीची फिर्याद

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी ठरवून विसरलो. हे एक मात्र विसरावेसे कधी वाटले नाही.

निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. नागपुरात प्रताप नगरचा भाग ज्या ठाण्याच्या हद्दीत येतो, तिथला प्रभार माझ्याकडे होता. एप्रिलचा महिना. सकाळची हजेरी आटोपली, स्टेशन डायरी दिवसपाळीच्या हवाली झाली, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाकडून हसण्याचा आवाज आला. बाहेर आलो तर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"साहेब, काकांच्या गच्चीवरून कुंडी चोरीले गेली म्हणे," अंमलदार म्हणाला.

"कुंडी गेली तर जाऊ द्या," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मले झाड पाहिजे."

मी त्यांना आत नेले, पाणी दिले. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. अक्षर सुरेख होते. पहिलीच ओळ अशी होती की, कायद्याने जे झाड बाळगायला बंदी आहे असे झाड तीस वर्षे माझ्या ताब्यात होते आणि ते काल दुपारी चोरीला गेले.

मी ती ओळ दोनदा वाचली. फिर्यादी स्वतःची चूक शक्यतो सांगत नाही, सांगितलीच तर तिसऱ्या जबाबात सांगतो. या माणसाने ती सुरुवातीलाच लिहून टाकली होती.

"काका, हे दाखल झालं तर तुमच्यावरही कारवाई होईल. कल्पना आहे ना?"

"वकिलाले विचारून आलो. तो म्हणे, गप बसा. पण मी गप बसलो तर तुम्ही शोधाल काय? ते नळाच्या पाण्यावर आठ-दहा दिवसांच्या वर नाही जगत साहेब. पयले झाड शोधा. मग मले जे करायचं ते करा."

झाड होते घटपर्णी. मेघालयाच्या डोंगरातली. तिच्या पानाच्या टोकाला झाकण असलेला घडा लोंबतो, त्यात पाणी असते, आणि वासाने ओढले गेलेले किडे त्यात बुडून मरतात. संरक्षित वनस्पती असल्याने वनखात्याला लेखी कळवले, चोरीचा गुन्हा दाखल केला आणि पंचांना घेऊन मी स्वतःच पंचनाम्याला गेलो. एरवी अशा कामाला मी हवालदाराला पाठवले असते.

बाहेरच्या जिन्याने गच्चीवर चढलो तेव्हा उन्हाने डोळे मिटत होते. काकांनी हिरव्या जाळीचे दार उघडले आणि आम्ही आत पाऊल टाकले. तिथे नागपूर संपलेच. बारीक तुषार हवेत तरंगत होते. ओल्या विटांवर शेवाळ होते. छतापासून ऑर्किडची पांढरी मुळे लोंबत होती, कोपऱ्यात हाताएवढ्या पानांच्या वेली होत्या, आणि पानांवरून ठिबकणाऱ्या थेंबांखेरीज कसलाच आवाज नव्हता. माझ्याबरोबरचे पंच, एक किराणा दुकानदार आणि एक शिक्षक, कुजबुजत्या आवाजात बोलू लागले. का, ते त्यांनाही सांगता आले नसते.

मधोमध एक रिकामी जागा होती. विटांवर कुंडीचा गोल, कोरडा डाग.

काका सर्वेक्षणाच्या नोकरीत होते. मधली काही वर्षे त्यांची बदली त्या डोंगरात झाली होती. "ढग कचेरीत शिरत होते साहेब," ते सांगू लागले. "खिडकी लावायची राहिली की नकाशे ओले. समोरचा माणूस दिसायचा नाही, त्याचा आवाज तेवढा यायचा. बदली झाली तवा घरमालकिणीनं डब्यात रोप लावून दिलं. तीन दिवस गाडीत मांडीवर घेऊन आलो. कायदा-बियदा मले कुठं माहीत होता? माहीत झाला तवा भ्यालो. मग कोणाले दाखवलंच नाही."

त्यांनी फुलांची गोष्ट सांगितली ती शेवटी. तीस वर्षांत झाडाला यंदा पहिल्यांदा फुलोरा आला होता. या जातीत नर झाड वेगळे आणि मादी वेगळी, फुलल्याखेरीज कळत नाही. "मादी निघाली," काका म्हणाले. घरात मुलगी झाल्यासारखे म्हणाले.

घटना दुपारी दोनच्या सुमाराची. काका डोळे तपासायला सीताबर्डीला गेले होते. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता नागपुरात रस्त्यावर चिटपाखरू नसते. आमच्याकडे रात्रीच्या चोऱ्यांची चर्चा फार होते, पण उन्हाळ्यातली दुपार तितकीच निर्जन असते. मला वेगळेच काहीतरी खटकत होते. शेजारची जास्त देखणी, महागडी झाडे जागच्या जागी होती. आणि चोराने जाताना जाळीचे दार नीट लावून घेतले होते, तुषारांचा नळ चालू ठेवला होता. उरलेल्या झाडांची काळजी घेऊन जाणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

गुन्हे शोध पथकाने चार दिवस रोपवाटिका पालथ्या घातल्या. गेल्या काही वर्षांत गच्चीवर येऊन गेलेल्या अकरा हौशी लोकांची यादी काकांनी दिली होती. त्यातल्या बहुतेकांकडे जाऊन आलो. हाती काही लागले नाही. मी मात्र रोज संध्याकाळी ठाण्यातून निघालो की त्या गच्चीवर जाऊ लागलो. तपासाचे निमित्त होते. खरे म्हणजे त्या जाळीखाली खुर्ची टाकून बसले की डोक्यातली सगळी कलमे, सगळे साहेब, सगळे आरोपी हळूहळू लांब जात. एकदा बसल्या बसल्या डोळा लागला. मी एका उतारावर उभा होतो, पांढरे ढग गुडघ्यांना लागत होते, आणि कोणीतरी ढगाआडून माझ्याशी बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण आवाज प्रेमाचा होता. जाग आली तेव्हा काका शेजारी चहा घेऊन उभे होते.

"तुम्हालेही दिसला का डोंगर?" त्यांनी विचारले. गणवेशातल्या माणसाने काय सांगावे?

चहा पिता पिता मी सहज विचारले, "काका, तुम्ही साठवलेलं पावसाचं पाणी घालता. आता एप्रिलात दुसऱ्या कोणाला हे झाड जगवायचं असेल तर तो पाणी कुठून आणेल?"

काका विचारात पडले. "बॅटरीचं पाणी चालते, त्यात क्षार नसतात. ज्याले समजते तो तेच आणंल."

दुसऱ्या दिवशी मी खबऱ्यांना कामाला लावले. बॅटरीच्या दुकानांवर नजर ठेवा म्हटल्यावर त्यांना गाड्यांच्या बॅटऱ्यांची टोळी असावी असे वाटले. मी तसेच वाटू दिले. सहाव्या दिवशी दुपारी शहराच्या टोकाच्या हुडकेश्वरहून फोन आला. बॅटरीच्या दुकानाशेजारी गाड्यांच्या सीटा शिवणारा आमचा माणूस होता.

"साहेब, एक बाई स्कूटीवर येते. पाच दिवसांत तीन कॅन पाणी नेलं. दुकानदार म्हणे, इन्व्हर्टर कोणता हाय? तर म्हणे, इन्व्हर्टरच नाही. मंग पिऊन राहिली का ते पाणी?"

पत्ता काढला. बाई चाळिशीची, एका शाळेत प्रयोगशाळा सहायक, एकटी राहणारी. यादीत नाव होते. दोन वर्षांपूर्वी एकदाच गच्चीवर आली होती, म्हणून आम्ही तिला शेवटी ठेवले होते.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला शिपायाला घेऊन तिच्या घरी गेलो. जाताना काकांकडून घटपर्णीचेच, पण नर्सरीत मिळणारे संकरित रोप मागून घेतले. त्याला बंदी नव्हती.

नव्या वस्तीतले घर, आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट. समोरची खोली भट्टीसारखी तापली होती आणि आतल्या बंद दाराआड कूलर घरघरत होता. माणूस बाहेर, कूलर आत. नागपूरकराला एवढी खूण पुरेशी होती, पण घरझडतीआधी मला तिच्या तोंडून ऐकायचे होते.

"बॅटरीचं पाणी कशाला लागतं ताई?"

"इस्त्रीले."

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

अर्धा तास तेच. उत्तरे छोटी, नजर जमिनीवर. अनुभवाने सांगतो, जो सवयीने खोटे बोलतो तो लांबलचक बोलतो. जो छोटे खोटे बोलतो, त्याला ते बोलताना त्रास होत असतो. मी पिशवीतून रोप काढून टेबलावर ठेवले. तिने एकदा पाहिले आणि मान फिरवली. मी शिपाईबाईंना म्हणालो, "सुकलंय बिचारं. जरा पाणी घाला." ठरल्याप्रमाणे त्यांनी मोरीतून बोअरच्या पाण्याचा तांब्या भरून आणला आणि कुंडीवर कलता केला.

ती झटकन उठली आणि तिने शिपाईबाईंचे मनगट धरले.

"नका घालू! बोअरचं हाय ते, खारं! काहून मारून राहिले त्याले?"

मग तिच्याच ध्यानात आले. हात सोडून ती खाली बसली आणि रडू लागली. थोड्या वेळाने उठली, कमरेची किल्ली काढली आणि आतले दार उघडले.

त्या खोलीत भिंतींना ओली पोती टांगली होती. खिडकीतून हिरवट उजेड येत होता, कूलरच्या वाऱ्याने तो हलल्यासारखा वाटत होता. एका पाटावर शेजारी शेजारी दोन कुंड्या होत्या. दोन्ही घटपर्णी. दोन्हींना फुलोरे. एकावरच्या बारीक फुलांत थोडासा पिवळा पराग अजून उरला होता. मध्ये बशीत रंगकामाचा एक बारीक ब्रश होता.

पंच म्हणून बोलावलेल्या बॅटरीवाल्याने दारातच चपला काढल्या.

मी काकांना निरोप धाडला. ऑटोतून उतरून ते थेट आत गेले. आपल्या झाडाच्या पानांवरून बोटे फिरवली, एकेक घडा बघितला. मग त्यांचे लक्ष शेजारी गेले.

"हा नर?"

"हो काका."

"कवापासून हाय तुह्याकडं?"

"नऊ वर्षं. परदेशी संकर म्हणून कोणी कुरियरनं पाठवलं होतं. वाढल्यावर समजलं, हे तर आपल्या डोंगरातलं, बंदीचं." तिने डोळे पुसले. "तुमचं झाड मी जाळीच्या आडून पाहिलं होतं. यंदा माह्या झाडाले फुलं आली, तवा तुम्हाले फोन केला. तुमचं फुललं का, विचारलं. तुम्ही म्हणाले, असं झाड माह्याकडं नाहीच. मंग मी एकदा जिन्यातून डोकावून पाहून गेली. फुललेलं दिसलं. चार दिवसांत पराग झडून जाते काका. रोज ताजा पराग लावावा लागते, रोज चोरून कशी येऊ? मले दुसरं काही सुचलंच नाही. स्कूटीवर ओली ओढणी टाकून आणलं."

"भ्यालो होतो वं मी. वाटलं, कोणी सरकारी माणूस विचारून राहिला."

"मी बी भ्यालीच होती."

काकांनी तिच्याकडे पाहिले. आवाज अगदी बारीक करून विचारले, "झालं काय?"

"झालं. चार दिवस रोज सकाळी लावलं. परवा तुमचं झाड ठेवून येणार होती."

कूलर फिरत होता. पाटावर दोन झाडे होती, त्यांच्या डोंगरापासून कितीतरी लांब, हुडकेश्वरच्या एका खोलीत. मला क्षणभर वाटले की आपण इथे यायलाच नको होते. पण आलो होतो, आणि माझ्या हातात पंचनाम्याचे कागद होते.

कायद्यात मी काही कमीजास्त केले नाही. बाईंना नोटीस दिली, दोन्ही झाडे जप्त झाली. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीवर पत्रा आहे, तिथे एप्रिलात ती दुपारही काढू शकली नसती. वनखात्याच्या अधिकाऱ्याला तिथेच बोलावून, न्यायालयाच्या आदेशापर्यंत ती त्यांच्या रोपवाटिकेत सुपूर्द केली. काकांनी ऑटोतून आणलेले पावसाच्या पाण्याचे कॅन सोबत दिले आणि पाणी कधी, किती, हे कागदावर लिहून दिले. गाडी निघाली तेव्हा दोघे फाटकात उभे होते. बाईंनी काकांचा हात धरला होता. ज्याची चोरी झाली आणि जिने केली, ती दोन माणसे अशी उभी असलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढे चोरीच्या गुन्ह्यात काकांनी न्यायालयाच्या परवानगीने तडजोड केली. झाडे बाळगल्याबद्दल वनखात्याने दोघांवर कारवाई केली आणि दोघांनी ती मान्य केली. शाळेने बाईंकडून खुलासा घेतला, नोकरी वाचली. झाडे मात्र दोघांनाही परत मिळाली नाहीत. मिळणार नाहीत, हे काकांना अर्ज लिहिताना माहीत होते.

दिवाळीच्या थोडे आधी वनअधिकाऱ्याचा फोन आला. मी त्या दोघांना माझ्या गाडीतून रोपवाटिकेत नेले. शेंगा वाळून उकलल्या होत्या. आत केसासारखे बारीक बी होते, जोरात श्वास सोडला असता तर उडून गेले असते. ते बी ओल्या शेवाळावर पेरताना कोणी पंखाही लावू दिला नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. शेवाळावर हिरवे ठिपके उगवले होते. बाईंनी शाळेतून भिंग आणले होते. काकांना भिंगातूनही नीट दिसेना, तेव्हा त्या शेजारी बसून सांगत राहिल्या, इथे एक, इथे दोन, याला तर इवलासा घडासुद्धा आला आहे. त्यातली काही रोपे खात्याने नंतर डोंगरात परत पाठवली.

चौकशी म्हणजे माणसाने लपवलेले बाहेर काढणे, असे मी नोकरीभर मानत आलो होतो. गप्प बसलेला माणूस दिसला की मला त्यात गुन्हा दिसायचा. या प्रकरणात दोन माणसे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. एक शब्द मोकळेपणाने बोलली असती तर ना चोरी झाली असती, ना फिर्याद. त्यांचे तोंड कशाने बंद ठेवले होते, याचा मी पुष्कळ विचार केला.

निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या काळात, कोणी माझ्यासमोर बसून बोलेनासे झाले की मी कागद बाजूला सारायचो आणि विचारायचो, "भीती कोणाची वाटते?"

बहुतेक वेळा उत्तर येई, "तुमचीच, साहेब."