कोपराएवढा खळगा

अक्कलकोट रोडवरच्या एका डेंटिंगवाल्या मिस्त्रींकडे मी वडिलांची जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार नेली आणि ऐटीत सांगितलं, "सगळी गुळगुळीत करा. बाहेरचं हँडल नको, नावाची पट्टी नको, एकही खड्डा नको."

मिस्त्रींचा डोळ्यांवर भरवसा नव्हता. पत्र्यावर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि त्यावरून तळवा फिरवायचे. नुसत्या हाताला घाम फसवतो म्हणे. जरा उंचवटा लागला की पुन्हा पॉलिशपेपर.

महिन्याभरानं गेलो, तर गाडी साबणाच्या वडीसारखी झाली होती. फक्त ड्रायव्हरच्या दाराच्या काठावर एक उथळ खळगा तसाच होता. मी कुरकुरलो.

त्यांनी माझा हात तिथं ठेवला. "ही ठोकर न्हाय, साहेब. हितं कुनीतरी लई वर्सं कोपर टेकवत हुतं की. भरायचं आसंल तर आत्ता भरतो."

वडील शेवटपर्यंत उजवं कोपर बाहेर काढूनच गाडी चालवायचे. शेजारी बसून मी ते लहानपणापासून पाहिलं होतं. तरी तो खळगा मला कळला नव्हता. त्यांना कधीच न भेटलेल्या माणसाला कळला.

"राहू द्या," मी म्हणालो.

परवा आईला गाडीजवळ नेलं. ती आत बसली नाही. बराच वेळ त्या खळग्यावर तळवा ठेवून उभी राहिली.