कोणता निरोप?

अण्णांना वेद म्हणता येत होते आणि पाणी मागता येत नव्हतं. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. इथे काशीत, रामघाटाजवळच्या पाठशाळेत त्यांनी जन्मभर पोरांना वेद शिकवले. अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. मंत्र तेवढे राहिले. सकाळी जाग आली की एखादं सूक्त सुरू व्हायचं, एक स्वर इकडचा तिकडे नाही. भेटायला आलेले लोक हात जोडून म्हणायचे, ‘बघा, सुधारतायत!’ ते जिना उतरले की अण्णा तांब्याकडे बघत ओठ हलवायचे, आणि ‘पाणी’ या दोन अक्षरांच्या जागी पुन्हा त्याच सूक्ताची पहिली ओळ यायची. मग ते डाव्या हाताने पलंगावर थापा मारायचे. आम्ही पाणी द्यायचो. कधी त्यांना पाणी नकोच असायचं, मग आणखी थापा.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. आमच्या गल्लीत गाडी येत नाही, त्यामुळे त्या घामाघूम होऊन, वाटेतल्या गाईवर चिडूनच वर पोचल्या. मंत्र ऐकून त्या जराही हरखल्या नाहीत. ‘ये ज़बान की आदत है, बोलना नहीं,’ म्हणाल्या. मग विचारलं, ‘मातृभाषा क्या है इनकी?’ मी म्हटलं, मराठी. ‘तो मराठी में बात कीजिए. छोटे-छोटे वाक्य. बच्चों की कोई किताब हो तो पढ़कर सुनाइए.’ जिन्यात चपला घालताना त्यांनी मला हळूच सांगितलं, की या वयात फार आशा धरू नका. जे महत्त्वाचं असतं ते लोक जिन्यातच का सांगतात, कोण जाणे.

आता मराठी आणायची कुठून, हा प्रश्न होता. आमच्या घरातली मराठी म्हणजे हिंदीच्या पातेल्यात मराठीची फोडणी. बायको मिर्झापूरची, तिला मराठी समजते पण ती बोलत नाही. मी दिवसभर बँकेत हिंदीतच डोकं फोडून येतो. मुलगी अकरा वर्षांची. आजोबा मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं झकास चालायचं. कुणाला त्यात काही उणं वाटलं नव्हतं. आजोबांची बाजू बंद पडली तेव्हा लक्षात आलं, की त्या गप्पांतली सगळी मराठी त्यांचीच होती.

कपाटात पोथ्या होत्या, पंचांगं होती आणि लहान मुलांची एक कादंबरी होती. माझ्या लहानपणी साताऱ्याच्या आत्याने पाठवलेली. कव्हर कधीच गेलेलं. एका मुलाची शेळी बाजारात हरवते आणि तो तिला शोधत गावोगाव फिरतो, अशी गोष्ट. शाळेला सुट्टी होती, म्हणून वाचायचं काम मुलीवर आलं. ‘मैं ही क्यों?’ असं म्हणत ती पलंगाशी बसली.

लिपी तीच, त्यामुळे अक्षरं तिला येत होती. अर्थाच्या नावाने मात्र आनंद होता. पहिल्याच प्रकरणात ‘गुरुजींनी त्याला शिक्षा केली’ असं आलं. ती म्हणाली, ‘अच्छे टीचर थे.’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मी दारातून ओरडलो, ‘अगं, छड्या मारल्या त्याला!’ अण्णा हसले. चेहरा अर्धाच हसला, पण हसला. आजारपणातलं ते पहिलं हसू, आणि मला उगीचच वाटलं की आता गाडी रुळावर येणार.

त्यानंतर दोघांचं एक वेगळंच शिक्षण सुरू झालं. तिला शब्दाचा अर्थ अडला की ती पुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. त्यांना शब्द म्हणता येत नसे, पण करून दाखवता येई. ‘रुसणे’ आलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि कितीतरी वेळ इकडे वळलेच नाहीत. ‘ओंजळ’ आली तेव्हा त्यांनी डावा तळवा वाकवून पुढे केला. उजवा हात चादरीवर तसाच पडून होता. ती बघत राहिली, मग तिने आपला तळवा त्यांच्या तळव्याला लावला, आणि ओंजळ झाली.

फक्त ती ‘ओंजल’ म्हणायची. ‘आभाल’, ‘केल’, ‘सकाल’. हिंदीत ळ नाही, तिची जीभ तिथे पोचतच नव्हती. एका चुकलेल्या स्वरासाठी पोरांना दहादा म्हणायला लावणारे अण्णा ते ऐकून कळवळायचे. एके संध्याकाळी त्यांनी तोंड उघडलं, जीभ मागे वळवून तिला दाखवली आणि एक मंत्र म्हटला. वेदात ळ आहे. तो आला की ते थांबायचे, जिभेवर बोट ठेवायचे, पुन्हा तिथूनच म्हणायचे. तिने त्यांच्या तोंडात जवळजवळ डोकं घालून पाहिलं आणि म्हटलं, ‘ओंजळ.’ अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपोआप येणारा मंत्र त्या दिवशी त्यांनी मुद्दाम म्हटला होता, तिच्यासाठी. मी ते त्या बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अच्छी बात है.’

मला एवढंच हवं होतं, की अण्णांनी तिच्याशी एक शब्द बोलावा. मंत्र नव्हे, साधा शब्द. हाक मारावी, नाहीतर रागवावं तरी.

शेळीच्या गोष्टीत मुलगा घरातून निघतो तिथे वाक्य होतं : ‘आजोबांचा निरोप घेऊन तो निघाला.’ ती वाचून पुढे गेली, मग थांबली, दोन पानं उलटली, परत मागे आली.

‘क्या ढूँढ रही हो?’ मी विचारलं. मीही हिंदीतच विचारलं, बघा.

‘आजोबा ने निरोप दिया न? तो किसको देना था? आगे कहीं लिखा ही नहीं.’

चूक तिची नव्हती. आमच्या घरात निरोप एकाच अर्थाने होता. ‘खाली नाववाल्याला निरोप सांगून ये,’ ‘पाठशाळेत निरोप दे, आज उशीर होईल,’ अशी अण्णांची सगळी निरोपाची कामं तिनेच केली होती. आणि घरातून जाताना आम्ही कुणी निरोपबिरोप घेत नाही, नुसतं ‘येतो’ म्हणतो. मी सांगितलं, की निरोप घेणं म्हणजे जाताना भेटणं, आणि निरोप सांगणं म्हणजे बोलणं पोचवणं.

‘एक ही शब्द? तो पता कैसे चलेगा?’

‘घेतला की जाण्याचा, सांगितला की बोलण्याचा.’

तिला काही ते पटलं नाही. अण्णा मात्र उठून बसायची धडपड करू लागले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, तिलाच, तिच्याकडे बोट होतं. ओठ मिटले, उघडले. ‘नि,’ असं स्पष्ट आलं. ‘नि’ पुन्हा आलं, आणि मग सूक्त सुरू झालं. त्यांना ते थांबवायचं होतं, ते मान हलवत होते, आणि तोंडातून मंत्र खणखणीत येत होता. शेवटी ते थकून आडवे झाले. त्या दिवशी मला वेदांचा राग आला. आमच्या घराण्यात हे वाक्य कुणी लिहिलं नसेल, पण आला खरा.

तेवढा ‘नि’च काय तो. दुसरा झटका आला तेव्हा पुस्तक निम्म्यावर होतं. डॉक्टर म्हणाले, इस्पितळातून घरी न्या. आता मंत्रही गेले, आणि घर इतकं गप्प झालं की गल्लीतून मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे जाणाऱ्यांचा आवाज थेट खोलीत येऊ लागला. भेटायला येणारे म्हणायचे, काशीत देह ठेवतायत, भाग्यवान. आमचं घरच इथलं, दुसरीकडे कुठे ठेवणार, असं एकदोघांना मी सुनावलं.

साताऱ्याहून आत्या आली. दुपारी अण्णांचा श्वास बदलला तेव्हा तिने तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठेवलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, ‘ये बाळ, आजोबांचा निरोप घे.’

मुलगी माझ्याकडे वळली. ‘बाबा, कौन-सा वाला? जाने का, कि बोलने का?’

आत्याला काही समजलं नाही. मला समजलं, आणि मला खरं सांगवेना. ‘दोन्ही,’ मी म्हटलं.

ती पलंगावर चढली, त्यांच्या ओठांना कान लावला आणि थांबली. आत्या तिला उठवायला गेली, मी तिला अडवलं. पोरगी पापणीही न हलवता ऐकत होती. श्वास थांबल्यावरही ती तशीच होती, कारण थांबलेला श्वास कसा असतो हे तिला माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर आत्या परत गेली. शेळी अजून सापडायची होती. एका रविवारी मी पुस्तक काढून मुलीसमोर ठेवलं आणि म्हटलं, ‘चल, पुढे वाचू.’

तिने पुस्तक उघडलं नाही. ‘आता कोणाला कळणार?’ ती म्हणाली. एकही हिंदी शब्द नव्हता, आणि ळ जिथे लागायला हवा तिथेच लागला होता.

स्वयंपाकघरातून तिच्या आईने विचारलं, ‘क्या बोली?’

‘कुछ नहीं,’ ती म्हणाली.