कोणाला तरी लागत असेल

कॉम्प्युटरने प्रश्न विचारला की काका माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवायचे. एखादं सॉफ्टवेअर काढताना पडद्यावर येतं ना, 'ही फाईल दुसरी सॉफ्टवेअरही वापरत असतील, काढायची का?' आपण ते वाचतो तरी का, तुम्हीच सांगा! 'हो' दाबून मोकळे होतो. काका चष्मा पुसून पुन्हा वाचायचे आणि म्हणायचे, "राहू द्या. कोणाला तरी लागत असेल."

सुलतान बाजारात माझं मराठी टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळाची स्मरणिका, असली कामं. मशीन बिघडलं की हे दुरुस्तीवाले काका कुकटपल्लीहून दोन बस बदलून यायचे. त्यांच्या सावकाशीचा मला भयंकर राग यायचा.

"अहो काका, जागा अडते ना!"

"हौ ताई, थोडी अडू द्या की. घाई नक्को."

एकदा मी त्यांना न विचारताच नको असलेलं एक सॉफ्टवेअर काढलं. प्रश्न आला, 'सगळ्या काढा' दाबलं, आणि स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी माझं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. त्यात आईच्या आठवणी होत्या. आजारपणात ती सांगायची, मी टाइप करायचे. छापायचं राहिलं आणि आई गेली. दुसऱ्या कशातही ती पानं उघडत नव्हती. काकांना फोन केला तो रडतच.

ते आले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. माझ्या मशीनमधल्या, सॉफ्टवेअरना लागणाऱ्या असल्या सगळ्या फाईलींची नक्कल त्यांनी कधीच करून घरी ठेवली होती.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलल्या असत्या, कायको पसारा, काढून टाका."

खरंच बोलले असते.

अर्ध्या तासात आईचं वाक्य पडद्यावर आलं : 'भाकरीच्या पिठात मीठ घालायचं की नाही, यावरून माझ्या दोन आत्या वर्षभर बोलत नव्हत्या.' मला हसू आणि रडू एकदमच आलं. काका मात्र चहाला हात लावेनात. "पहिले सगळं कागदावर काढा," म्हणाले, आणि शेवटचं पान निघेपर्यंत प्रिंटरजवळ उभे राहिले. आईचं पुस्तक आज घरात आहे ते या माणसामुळे. आभार तर मी मानलेच नाहीत, उलट चहा गार केला म्हणून त्यांनाच बोलले. ते अजून मनाला लागतं.

गेल्या वर्षी काका वारले. महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला.

"ताई, बाबांचा कॉम्प्युटर भंगारात देतोय. त्यात एकेका गिऱ्हाइकाच्या नावाचा फोल्डर आहे, तुमचापण आहे. सगळे डिलीट करून टाकू ना?"

पत्रिकेचं काम अर्धवट होतं. माझा हात माऊसवरून मांडीवर आला होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "एकही काढू नका. मी न्यायला येते."

ऑटोत मांडीवर घेऊन मी ते मशीन दुकानात आणलं. परवा सिकंदराबादहून एक वयस्कर गृहस्थ आले. काकांच्या मुलाने माझा पत्ता दिला होता. "आमचं एक जुनं सॉफ्टवेअर उघडेना. काकांकडे आमच्या फाईली असायच्या..." ते बिचकतच म्हणाले.

मी त्यांना खुर्ची दिली, काकांचं मशीन सुरू केलं आणि चष्मा पुसून त्यांचं नाव शोधायला लागले.