दीड किलोची पिशवी

ऑफिसात तिला सगळे 'किराणा' म्हणायचे. तिचं काम इमारतींमधले विजेचे मीटर वाचण्याचं. त्याला लागतं ते काय, तर हातात मावेल एवढं नोंदीचं यंत्र आणि एक टॉर्च. पण तिच्या खांद्यावरची पिशवी अशी टरारून फुगलेली असायची, की जिन्यात समोरून कुणी आलं तर आधी पिशवी भिंतीकडे वळवावी लागे आणि मग स्वतःला. कुणाचं बटण तुटलं, कुणाचं डोकं चढलं, की हाक ठरलेली, "अगं किराणा, बघ गं तुझ्याकडे काही आहे का!" असायचंच. नसलं तर दुसऱ्या दिवशी असायचं.

लोकांना वाटे, बाई हौशी आहे. हौस कसली? धसका होता तो.

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीच्या तळघरात ती मीटर वाचायला उतरली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. मीटरखोलीचं लोखंडी दार मागे धाडकन आपटलं आणि त्या दणक्यानं बाहेरची कडी आपसूक पडून अडकली. फोनला रेंज नाही. शेजारच्या खोलीत पाण्याचा पंप घरघरत होता, त्यापुढे हिच्या हाका कुणाला ऐकू जाणार? डोक्यावरून माणसं येत होती, जात होती, त्यांची पावलंसुद्धा तिला ऐकू येत होती. टॉर्च तासाभरात मान टाकून विझला. चार वाजता पंप बघायला प्लंबर आला, म्हणून कडी निघाली.

घरी नवऱ्याने विचारलं, "घसा कशाने बसला गं?"

"अर्धा तास अडकले होते एका खोलीत," ती म्हणाली. "ओरडावं लागलं जरा."

पाच तासांचा अर्धा तास का केला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी पिशवीत टॉर्चचे जादा सेल आले. मग शिट्टी. मग दाराखाली सरकवायला लाकडी पाचर. मग पाण्याची बाटली, एक नव्हे, दोन. बिस्किटं, ग्लुकोजची पुडी, नायलॉनची दोरी, पक्कड, छोटा हातोडा, मेणबत्त्या, जखमेच्या पट्ट्या, सुईदोरा, जुना बटणांचा फोन, जादा चष्मा. रोज सकाळी निघताना ती दारात थबकायची, काहीतरी राहिलंय असं वाटून मागे फिरायची, आणि पिशवीत आणखी एक वस्तू कोंबली की मगच तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा.

शेवटी खांद्याने असहकार पुकारला. हात वर करून वेणी घालता येईना. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, पिशवी उचलून पाहिली, आणि ती खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही मीटर वाचता की मीटर वाहता?"

ती कसनुसं हसली.

"दीड किलो," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यावर एक ग्रॅम नाही. नाहीतर हा हात वर्षभरात कामातून जाईल, आणि मग मीटरही जातील."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर आला. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. एक केसभर इकडेतिकडे झालं की भिंग वाया, असं ज्याचं आयुष्य, त्याच्या हातात हे काम म्हणजे विचारायलाच नको. वस्तू एकेक काढून तो वजन कागदावर लिहीत गेला. कॉलेजात जाणारी मुलगी बेरीज करत होती.

"सहा किलो चारशे," ती म्हणाली. "आई, एवढं तर मी जन्मले तेव्हा माझंही वजन नव्हतं."

"आता सरळ हिशेब करू," नवरा म्हणाला. "गेल्या वर्षात किती वेळा वापरलं, तेवढं सांग. टॉर्च?"

"रोज."

"राहील. हातोडा?"

तिने हातोडा उचलून मांडीवर घेतला.

"दोरी?"

"वापरली नाही म्हणजे लागणार नाही असं थोडंच आहे?"

"अगं, असं म्हटलं तर शिडीसुद्धा न्यावी लागेल."

शिडीचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता, हे ती बोलली नाही. टेबलावरचा एकेक जिन्नस बाजूला सरकत होता. दोन बाटल्यांची एक छोटी बाटली झाली. पाचर गेली, कारण नवरा म्हणाला, दाराला विटेचा तुकडा लावता येतो. शिट्टी गेली, कारण मुलगी म्हणाली, फोन आहे की.

मग मुलीचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "आई, तू नक्की कशाला घाबरतेस ते सांग ना. म्हणजे त्याप्रमाणे ठरवू."

"मी कशाला घाबरते? काही नाही," ती म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली. भांडी घासून झालेली होती.

दुसऱ्या दिवसापासून हलकी पिशवी खांद्यावर आली आणि तिच्या जिवाला घोर लागला. तळघराच्या प्रत्येक पायरीवर ती मागे वळून बघे. दाराला विटेचा तुकडा लावे, चार मीटर वाचून परत जाऊन तो तपासे. चौतीस मीटरांची खोली पंधरा मिनिटांत व्हायची, तिथे पाऊण तास जायला लागला. आकडे चुकले. ऑफिसातून विचारणा झाली. खांदा सुधारत होता, पण झोप उडाली होती.

आठवड्याने तिला युक्ती सुचली. पिशवीत ठेवायचं नाही ना? मग नाही ठेवत. जिथे भीती, तिथेच ठेवते.

तिच्या भागात तळघरवाल्या सात इमारती होत्या. तिने सात गाठोडी बांधली. टॉर्च, शिट्टी, पाचर, बिस्किटांचा पुडा, पाण्याची बाटली आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. ओल लागू नये म्हणून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर खाकी टेप गच्च गुंडाळली. एकेक करून ती प्रत्येक मीटरखोलीत पेट्यांच्या मागे सारून आली. सातवं गाठोडं ठेवलं त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिने मोकळा श्वास घेतला.

पुढच्या गुरुवारी सकाळी ती चौथ्या इमारतीपाशी पोचली, तर रस्ता माणसांनी भरलेला. अख्खी इमारत खाली उतरली होती. कुणी ओल्या केसांनी, कुणी एका पायात चप्पल घालून. एका आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. एक बाई पोपटाचा पिंजरा छातीशी धरून उभी होती. फाटकाशी पोलिसांनी दोरी बांधली होती, आत श्वान घेऊन दोघे उतरत होते.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

"बाँब!" पिंजरावाली बाई कुजबुजली. "तळघरात. काळी पिशवी, टेप लावलेली. आत काहीतरी धातूचं आहे म्हणे."

ती शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

खोटं कशाला बोला, पहिला विचार पळून जाण्याचाच आला. गाठोडं ठेवताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या कोपऱ्यावर वळलं की झालं. पण चिठ्ठीवर घरचा नंबर होता. म्हणजे पळून उपयोग नाही. मग सांगायचं? एवढ्या लोकांसमोर? नोकरी जाईल. पेपरात नाव येईल. मुलीच्या कॉलेजात कळेल.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज चढला. इमारतीचा वॉचमन, तिला दर वेळी खुर्ची पुसून देणारा म्हातारा, दोन पोलिसांच्या मधे उभा होता. सोसायटीचा सेक्रेटरी बोट नाचवत होता.

"तळघराची किल्ली याच्याकडेच असते, साहेब! हा नाही तर कोण?"

"मी कशाला ठेवू, साहेब..." म्हाताऱ्याने हात जोडले. "चौथं कुणी जात नाही खाली. मी, प्लंबर, नाहीतर मीटरवाल्या ताई. पण त्या तशा नाहीत. त्यांचं नाव घेऊ नका."

ती उठली. पायरीवरून फाटकापर्यंत वीसएक पावलं असतील, ती कशी चालली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

"साहेब," ती दोरीपाशी जाऊन म्हणाली, "ती पिशवी माझी आहे."

इन्स्पेक्टर वळला.

"काय आहे तिच्यात?"

"टॉर्च. पाणी. बिस्किटं. एक पाचर."

"पाचर?"

"दार लागू नये म्हणून. आणि एक शिट्टी."

"मागे ठेवा त्यांना," इन्स्पेक्टर शिपायाला म्हणाला. पुढची वीस मिनिटं ती दोन पोलिसांच्या मधे उभी होती आणि सगळी इमारत तिच्याकडे बघत होती. मग खालून माणसं आली, पिशवी उघडून फाटकाच्या कट्ट्यावर ओतली गेली, आणि टॉर्च, पाणी, बिस्किटं, पाचर, शिट्टी अशी तिची सगळी भीती उन्हात मांडली गेली.

"तरीच कुत्रा पिशवीपाशी बसून राहिला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "भूक लागली असेल बिचाऱ्याला." हशा पिकला. तिला धरणी दुभंगावी असं झालं.

इन्स्पेक्टर हसला नाही. "अशा आणखी कुठे ठेवल्यात?"

"सहा ठिकाणी."

त्याने कपाळावर हात मारून घेतला.

पोलिसांच्या गाडीत मागे बसून तिने सहाही इमारती दाखवल्या. तिसरं गाठोडं गाडीत आल्यावर इन्स्पेक्टरने पुढूनच विचारलं, "बाई, बाकीचं समजलं. पण शिट्टी कशाला?"

आणि ती बोलायला लागली. पंप, पावलं, विझलेला टॉर्च. आपण शेवटी दारावर डोकं टेकून नुसत्याच बसलो होतो, कारण ओरडायला आवाजच उरला नव्हता, आणि वर कुणीतरी मोठमोठ्याने गप्पा मारत होतं, हेही सांगितलं. गाडी सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली. तिचं संपत नव्हतं.

चौकीत नवरा आला तेव्हा इन्स्पेक्टर जबाब वाचून दाखवत होता. "सकाळी अकरा ते दुपारी चार, अशी पाच तास..."

नवऱ्याने हात वर केला. "एक मिनिट, साहेब. किती?"

"पाच तास."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागवेल म्हणून तिने मान खाली घातली.

"अर्धा तास म्हणाली होतीस," तो एवढंच म्हणाला, आणि खिशातला रुमाल काढून उगाचच आपला चष्मा पुसू लागला. तो बराच वेळ पुसत होता.

त्या संध्याकाळी वजनकाटा पुन्हा टेबलावर आला. या वेळी नवऱ्याने कागद घेतला नाही. "आता तू सांग," तो म्हणाला. "अकरा वाजता काय हवं होतं? बाराला काय? तीनला काय?"

अकराला पाचर हवी होती. बाराला शिट्टी. एकला उजेड. तीनला पाणी, पण छोटी बाटली बास. हातोड्याचा काही उपयोग नव्हता, हे तिच्याच तोंडून निघालं. दोरीचाही नव्हता. मुलीने काट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक किलो दोनशे ऐंशी. अजून जागा आहे. बाबांचा फोटो ठेव."

"त्याचं वजन जास्त होईल," ती म्हणाली. तिघंही हसली. महिन्याभरात त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

नोकरी गेली नाही. पण लेखी ताकीद मिळाली, आणि ऑफिसात आठवडाभर जो तो तिच्यापुढे हात वर करून उभा राहायचा. इन्स्पेक्टरने सातही सोसायट्यांना कड्या बदलायचं पत्र पाठवलं. तीन सोसायट्यांनी बदलल्या. बाकीच्यांची मीटिंग व्हायची आहे. चौथ्या इमारतीचा वॉचमन मात्र तिने सांगूनही ऐकत नाही. ती खाली असेपर्यंत तो तळघराच्या दारातच खुर्ची टाकून बसतो.

भीती गेली का? छे. अजूनही लोखंडी दार दिसलं की तिचे तळहात ओले होतात. पण नवऱ्याने एक ठरवून दिलं. खाली उतरताना तिने त्याला फोनवर एक शब्द पाठवायचा, 'खाली'. वर आली की 'वर'. मधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला तर तो निघणार. कोणत्या दिवशी कुठली इमारत, ती यादी त्याच्या खिशात.

परवाच्या दिवशी ती वर आली आणि एका बाईंशी वाढलेल्या बिलावरून वाद घालत बसली, शब्द पाठवायचा राहून गेला आणि पिशवीत वाजणारा फोनही ऐकू आला नाही. पाऊण तासाने फाटकातून नवरा धावत आला. दुकानातला एप्रन अंगावर, काचेची पांढरी पूड कोपरापर्यंत, श्वास लागलेला. तिला समोर धडधाकट उभी बघून तो तिथेच गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"अहो, एवढं काय धावत यायचं?" ती म्हणाली. "काय झालं असतं मला?"

त्याने तिच्या पिशवीकडे बोट केलं. तिने बाटली काढून दिली, आणि तो पाणी पितानाही तळघराच्या दाराकडेच बघतोय ते पाहून तिने बिलवाल्या बाईंना, "उद्या बोलू," म्हणून सांगितलं आणि ती त्याच्याजवळ पायरीवर जाऊन बसली.