भिंगाला बांधायची गोळी

बेळगावच्या छापखान्यात माझ्याच एका पत्रकाची प्रुफं तपासत होतो, तेव्हा रामनगरहून आलेल्या बसचा कंडक्टर दारात येऊन म्हणाला, "तुमचे घड्याळवाले अण्णा गेले. सकाळी, च्या पिताना." अण्णांच्या बायकोच्या, गंगाक्काच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा चारच आठवडे झाले होते. औषधाचे थेंब अजून दोन आठवडे घालायचे होते. तिला उरलेला तेवढा एकच डोळा...

डावा डोळा चार वर्षांपूर्वी गेला. जोयड्याला शिबिरात मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवलं होतं. बस सुटायच्या घाईत नर्सबाईंनी सांगितलं, झाकलेल्या डोळ्याला हात लावू नका, थेंब दिवसातून सहा वेळा घाला. चिठ्ठी इंग्रजीत होती. अण्णा आणि गंगाक्का, दोघांनी मिळून अर्थ लावला: डावा डोळा डॉक्टरांनी नीट केलाच आहे, त्याला हात लावायचा नाही, थेंब उजव्यासाठी, म्हणजे त्याच्यावर ऑपरेशनची पाळी येणार नाही. अण्णा रामनगरच्या स्टँडाजवळ घड्याळं दुरुस्त करत. दुकान अर्धवट टाकून ते घरी जात आणि मनगटावर बघून थेंब घालत. महिनाभर एका मिनिटाचीही चूक झाली नाही. फक्त डोळा चुकला. डावा डोळा ठणकायला लागला तेव्हा गंगाक्का म्हणायची, "भरून येतंय, म्हनून दुकतंय."

मी तेव्हा पेटलोच होतो. गरिबाच्या हातात न वाचता येणारा कागद देणाऱ्यांवर पत्रक लिहिलं आणि अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळ्यावरचं घड्याळजीचं भिंग काढलं. "चांगलं लिवलंस. पर ह्यात माझं नाव कुटं हाय?"

"तुमचं कशाला?"

"औषद मी घातलं न्हवं? पयलं माझं नाव घाल, मग छाप."

ते पत्रक मी छापलं नाही. त्या इंग्रजी चिठ्ठीबद्दलचा राग मात्र आजही तसाच आहे.

दर महिन्याला तपासणीला येणारे तरुण डॉक्टर अण्णांवर रागावले नाहीत. म्हणाले, "चूक आमची आहे. औषध कुणाच्या हाती सोडायलाच नको." मग सहज बोलून गेले की औषधाची बारीक गोळी भिंगालाच बांधून आत ठेवता आली, ती हळूहळू विरघळत राहिली, तर थेंबांची गरजच उरणार नाही. पण बांधायची कशी? सुटली तर आत घासणार, मध्ये आली तर उजेड अडवणार. अण्णांनी एवढंच विचारलं, "एक टाकाऊ भिंग मिळंल काय?"

त्यानंतर तीन वर्षं अण्णांच्या टेबलावर गिऱ्हाइकांच्या घड्याळांशेजारी मिठाच्या पाण्याची वाटी असे. भिंगाला दोन बाजूंना केसासारख्या तारा असतात. त्यातल्या एका तारेला डॉक्टरांनी दिलेल्या टाक्याच्या धाग्यानं ते खसखशीएवढी गोळी बांधत आणि पाण्यात सोडत. दोन दिवस गाठ टिके. तिसऱ्या दिवशी गोळी तळाशी. मी हसलो की म्हणत, "तुझी पत्रकं तरी कुटं तीन दिवस टिकतात, लेका?" कारण कळायला वर्ष गेलं. गोळी विरघळते तशी बारीक होते, आणि गाठ सैल पडते. मग एकदा अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "गोळी बांदायचीच न्हाई. न विरघळनारी डबी बांदायची, तिला बारीक भोक. गोळी आत झिजंना का, डबी हलायची न्हाई." डॉक्टरांनी वाटी उचलून उजेडाकडे धरली. "अण्णा, वाट बरोबर आहे. पण माणसाच्या डोळ्यात जायला अजून पुष्कळ वर्षं लागतील."

इकडे गंगाक्काचा उजवा डोळाही पिकत चालला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणे, "तुमचं भिंग हुईस्तवर मी थांबते. थेंबाचं भ्या वाटतंय मला." चुलीजवळ ती हातानं चाचपत भांडी शोधायला लागली. एका दुपारी अण्णांनी भिंगं, धागे, पत्र्याची इवलीशी डबी, सगळं कागदात बांधून डॉक्टरांच्या हाती दिलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "न्हाई जमलं. साधंच बसवून घे."

"येवढी वर्सं काय केलंसा मग?"

"खेळलो."

ती हसली आणि तयार झाली. मी तिथंच होतो. आयुष्यभर खरं बोलण्याचा आग्रह धरला, पण डॉक्टर वाट बरोबर म्हणाले होते हे तिला न सांगता ते खोटं मी चालू दिलं.

मी पोचलो तेव्हा अण्णांना नेऊन झालं होतं. बायका रडत होत्या. गंगाक्का भिंतीला टेकून बसली होती, मुठीत थेंबांची बाटली. "दोनदा घालायचं चुकलं रं आज," म्हणाली. मी हात धुतले, बाटली उघडली. तिनं मान मागं केली नाही. वाट बघत राहिली.

"काय झालं आक्का?"

"त्येनी आदी इचारायचे. कुटला डोळा म्हनून. मी बोट लावून दावायची, मगच घालायचे."

मी विचारलं. तिनं उजव्या डोळ्याखाली बोट टेकलं.

पुढचे दोन आठवडे मी रामनगरातच राहिलो. दरवेळी विचारलं, दरवेळी तिनं बोट लावलं. डोळा वाचला. तांदळातले खडे आता ती स्वतः वेचते. शेवटचा थेंब घातला तेव्हा तिनं विचारलं, "उद्यापासनं न्हाई न्हवं?"

"न्हाई, आक्का. संपलं."

तिचं बोट डोळ्याखालीच होतं. "मग आता कोन इचारनार..." म्हणाली, आणि ते तिनं बराच वेळ काढलं नाही.